गाण्याचं नाव वाचलं, गाणं वाचलं का?

पालकसभा संपत आली, सही करून लोक उठायला लागले की कुणीतरी मागं थांबतं आणि हळूच विचारतं, "मॅडम, पोरगं कानात ते घालून बसतंय रात्रभर. काय तरी इंग्लिश आरडाओरडा असतोय. टी-शर्टवर कवट्या. काय करू ओ?" अशी तक्रार आता दर वर्षी एक-दोन तरी असते. पूर्वी टीव्हीची असायची, मग मोबाईल गेमची. आता गाण्यांची आहे.

नववी-दहावीच्या मुलांपर्यंत हे हेवी मेटल कोल्हापुरात पोचलं कसं, असं कुणाला वाटेल. उत्तर सोपं आहे. 2022 साली 'स्ट्रेंजर थिंग्ज' या मालिकेच्या चौथ्या भागात एक पोरगा गिटारवर मेटालिकाचं 'मास्टर ऑफ पपेट्स' वाजवतो. गाणं 1986 चं, म्हणजे आमच्या विद्यार्थ्यांच्या आई-बाबांच्या बालपणातलं. मालिकेमुळं ते छत्तीस वर्षांनी पुन्हा जगभर गाजलं आणि रील्समधून आपल्या गल्लीतही आलं. गंमत म्हणजे मालिकेतल्या त्या गिटारवाल्या पोराला गावातले लोक सैतानाचा भक्त समजतात आणि त्याच्या मागं लागतात. गाणं आहे नशेच्या गुलामीविरुद्ध. हे किती जणांना माहीत आहे?

पण आज मला दुसऱ्या एका गाण्याबद्दल लिहायचं आहे. त्याचं नावच असं आहे की वाचून आई-बापाच्या काळजाचं पाणी व्हावं. ऑझी ऑस्बर्न या इंग्लिश गायकाचं 'सुइसाइड सोल्यूशन'. 1980 च्या 'ब्लिझर्ड ऑफ ऑझ' या अल्बममधलं. वहीच्या मागच्या पानावर मुलानं हे नाव लिहिलेलं दिसलं तर कुठलाही पालक घाबरेल, आणि घाबरावंच. फक्त घाबरून झाल्यावर पुढं काय करायचं, तिथं आपली गाडी अडते.

आधी नाव नीट वाचू. सोल्यूशन या शब्दाचा गणिताच्या पुस्तकातला अर्थ उकल किंवा उत्तर. विज्ञानाच्या पुस्तकातला अर्थ द्रावण. मिठाचं द्रावण आपण आठवीच्या मुलांकडून करून घेतो तेच. या गाण्यातलं सोल्यूशन दुसऱ्या अर्थाचं आहे. हे द्रावण म्हणजे दारू. पिऊन पिऊन माणूस स्वतःला हळूहळू कसा संपवतो, हा गाण्याचा विषय. फेब्रुवारी 1980 मध्ये एसी/डीसी या बँडचा गायक बॉन स्कॉट लंडनमध्ये दारूच्या अतिसेवनानं गेला. ऑझी सांगायचा की गाणं त्याच्यावरून सुचलं. शब्द लिहिणाऱ्या बॉब डेझलीचं म्हणणं वेगळं, त्याच्या डोळ्यासमोर खुद्द ऑझीच होता, कारण ऑझीही त्या काळात बुडालेलाच होता. दोघांपैकी कुणाचंही खरं माना, गाणं दारूवरचं आहे.

आम्ही मराठीचे शिक्षक याला श्लेष म्हणतो. व्याख्या फळ्यावर लिहितो, दोन उदाहरणं देतो, परीक्षेत एका गुणाला विचारतो. आणि खरा, चालता-बोलता श्लेष मुलाच्या कानात वाजत असतो तेव्हा आम्हाला त्याचा पत्ता नसतो.

या श्लेषाची किंमत कोर्टात मोजली गेली. 1984 मध्ये कॅलिफोर्नियात एका 19 वर्षांच्या मुलानं जीव दिला. त्या रात्री तो ऑझीची गाणी ऐकत होता. आई-वडिलांनी गायकावर आणि रेकॉर्ड कंपनीवर दावा केला. त्यांचं म्हणणं, या गाण्यानंच त्याला ढकललं. खालच्या न्यायालयानं दावा फेटाळला आणि 1988 मध्ये तिथल्या अपील न्यायालयानं तोच निकाल कायम ठेवला. गाणं ही कला आहे, ती ऐकून कोण काय करेल याचा अंदाज गायकाला बांधता येत नाही, असं साधारण त्या निकालाचं सार. पण माझं लक्ष त्यातल्या एका नोंदीकडं जातं. त्या मुलाला दारूचं व्यसन होतं आणि तो मनानं फार त्रासलेला होता, असं निकालपत्रात लिहिलेलं आहे.

म्हणजे बघा. दारूपायी मरणाऱ्या माणसाबद्दलचं गाणं, ऐकणारा दारूच्या विळख्यात सापडलेला मुलगा, आणि सगळी चर्चा कसली, तर नावातल्या पहिल्या शब्दाची. त्या आई-बापांना नावं ठेवायचा हक्क मला नाही, कुणालाच नाही. पोटचं पोर गेल्यावर माणूस कारण शोधणारच. आणि गाणं हे असं कारण आहे की ते हातात धरता येतं, कोर्टात वाजवून दाखवता येतं.

त्यानंतर असाच मोठा खटला झाला तो नेवाडा राज्यातल्या रीनो शहरात, 1990 मध्ये. बँड होता ज्युडास प्रीस्ट. इथं तर शब्दांवर नव्हे, शब्दांच्या मागं लपवलेल्या आवाजावर आरोप होता. रेकॉर्डमध्ये 'कर, कर' अशा अर्थाचे दोन इंग्रजी शब्द दडवलेत, असं म्हणणं. गायक रॉब हॅलफर्ड साक्षीला उभा राहिला, कोर्टात गाऊनही दाखवलं. शिवाय स्वतःचीच रेकॉर्ड उलटी वाजवून त्यात पेपरमिंटबद्दलचं एक निरर्थक वाक्य कसं 'ऐकू येतं', हेही दाखवलं. न्यायाधीशांनी ठरवलं की तो आवाज श्वास आणि गिटार यांच्या योगायोगानं झालाय, मुद्दाम घातलेला नाही, आणि त्यामुळंच मुलं तसं वागली हेही सिद्ध होत नाही. त्या खटल्यात जे बाकीचं बाहेर आलं ते जास्त हलवणारं होतं. घरातली भांडणं, दारू, अमली पदार्थ, अर्ध्यावर सुटलेली शाळा. त्या सगळ्याचा न्याय कुठल्या कोर्टात होणार?

त्याच दशकात, 19 सप्टेंबर 1985 रोजी, अमेरिकेच्या सिनेटनं गाण्यांवर सुनावणी घेतली होती. खासदारांच्या आणि मंत्र्यांच्या पत्नींनी काढलेल्या पालकांच्या एका गटाचा आग्रह होता की रेकॉर्डवर इशारा छापा. ट्विस्टेड सिस्टर या बँडच्या डी स्नायडरला बोलावलं होतं. त्याच्या 'अंडर द ब्लेड' या गाण्यात विकृत शरीरसंबंध आहेत, असा आरोप होता. हा केस पिंजारलेला माणूस शांतपणे म्हणाला, गाणं शस्त्रक्रियेच्या भीतीवर आहे, आमच्या गिटारवाल्याच्या घशाचं ऑपरेशन होतं म्हणून लिहिलं. सगळे अवाक. आपल्या मनात जे आधीच असतं तेच आपण गाण्यात वाचतो, हे इतक्या जाहीरपणे क्वचितच सिद्ध झालं असेल. इशाऱ्याचे स्टिकर मात्र त्यानंतर आलेच, आणि 'पालकांसाठी सूचना' असं लिहिलेली ती काळी-पांढरी चौकट आजही मोबाईलच्या पडद्यावर दिसते. माझ्या वर्गातल्या मुलांना ती चौकट म्हणजे गाणं भारी असल्याची खूण वाटते!

आता जरा या ऑझीकडं वळू, कारण शिक्षक म्हणून मला त्याची गोष्ट महत्त्वाची वाटते. जन्म 1948, बर्मिंगहॅमच्या ॲस्टन भागात, कामगार वस्तीत. वडील कारखान्यात, आई मोटारींचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात. ऑझीला वाचनाक्षमतेचा त्रास होता, म्हणजे आज आपण ज्याला डिस्लेक्सिया म्हणतो तो. शाळेत ते कुणाच्या लक्षात आलं नाही. पंधराव्या वर्षी शाळा सुटली. मग कत्तलखान्यात काम, कारखान्यात गाड्यांचे हॉर्न तपासायचं काम, मध्ये एक चोरी आणि काही आठवडे तुरुंग. त्याच्या 'ब्लॅक सॅबथ' बँडचा गिटारवादक टोनी आयोमी पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता. सतराव्या वर्षी यंत्रात उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं गेली. तो डावखुरा वाजवणारा, म्हणजे तारा दाबायची बोटं तीच. त्यानं प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणं केली, आणि पुढं तारा सैल केल्या म्हणजे दाबायला सोपं जाईल. त्या सैल तारांचा जो जड, खर्जातला आवाज निघाला, त्यातून हेवी मेटल घडलं.

कोल्हापूरच्या माणसाला ही गोष्ट परकी वाटायचं कारण नाही. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल या पट्ट्यातल्या फाउंड्र्यांत आणि मशीन शॉपमध्ये आपल्या किती विद्यार्थ्यांचे वडील आहेत, मोजून बघा. पाळीवरून येणाऱ्या, कान आणि कंबर दुखणाऱ्या माणसाच्या घरातल्या पोराला धातूवर धातू आपटल्यासारखं संगीत आपलं वाटलं तर त्यात नवल काय? मला स्वतःला हे संगीत आवडत नाही. दोन गाण्यांनंतर डोकं दुखतं, खरं सांगते. पण आवडत नाही आणि घातक आहे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, आणि मोठ्या माणसांना त्यातला फरक करणं फार जड जातं.

आपल्याकडं तरी कुठं वेगळं घडलं? स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांत मुंबई राज्यानं तमाशावर बंदी घातली होती. कारण तेच, लोक बिघडतात. मग कलावंतांनी गाऱ्हाणी मांडली, समिती बसली, वग आधी तपासून घ्यायचे अशा अटी आल्या आणि तमाशा पुन्हा उभा राहिला. त्यानंतर काहीच दशकांत तीच लावणी सरकारी महोत्सवात आणि शाळेच्या स्नेहसंमेलनात 'आपली लोककला' म्हणून मानानं आली.

आणि या लावणीच्या इतिहासात आपल्या धंद्यातला एक माणूस ठळक उभा आहे. जगदीश खेबुडकर. हळदी गावचे, पेशानं शिक्षक. 1972 च्या 'पिंजरा'तल्या लावण्या त्यांच्या. 'देहाची तिजोरी' हे भक्तिगीतही त्यांचंच. एकाच हातानं दोन्ही लिहिलं आणि दोन्ही गावोगाव गेलं. 'पिंजरा'ची कथा तरी कुणाची? गावात तमाशा नको म्हणून उभ्या राहणाऱ्या आदर्श मास्तरची, जो शेवटी त्याच फडात अडकतो. जर्मनीतल्या 'द ब्लू एंजल' या 1930 च्या चित्रपटावर बेतलेली ही गोष्ट व्ही. शांताराम या आणखी एका कोल्हापूरकरानं पडद्यावर आणली, आणि तिची गाणी एका खऱ्या मास्तरनं लिहिली. लावणीत बोलणारी बाई आणि लिहिणारा खेबुडकर मास्तर, हे दोघं एक नव्हेत हे आपल्याला लगेच कळतं. ऑझीच्या बाबतीत मात्र आपण गायकालाच गाण्यातला माणूस समजतो.

हे कळायची सवय आपल्या भाषेला सोळाव्या शतकापासून आहे. एकनाथ महाराजांचं विंचवाचं भारूड घ्या. वरवर बघितलं तर कुणीतरी विंचू चावला म्हणून आरडाओरडा करतंय. आत बघितलं तर विंचू म्हणजे काम-क्रोध. ज्यानं फक्त आरडाओरडा ऐकला त्याला भारूड कळलं नाही, हे आम्ही वर्गात छातीठोकपणे सांगतो.

मग गाण्यांचा काहीच परिणाम होत नाही का? होतो. तसं नसतं तर प्रार्थना कशाला म्हणवून घेतली असती! एकच उदास गाणं मूल दिवसभर, आठवडाभर लावत असेल, जेवत नसेल, मित्रांना टाळत असेल, तर लक्ष द्यायलाच हवं. पण ते ताप बघण्यासारखं आहे. थर्मामीटर फोडून ताप उतरत नाही. गाणं बंद केलं, इअरफोन काढून घेतला, तर तुमच्याजवळ असलेली एकमेव खूणही गेली. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या 2022 च्या अहवालात देशभरात 13 हजारांवर विद्यार्थ्यांच्या आत्महत्यांची नोंद आहे आणि त्यात महाराष्ट्र पहिल्या क्रमांकावर आहे. ही सगळी मुलं काही मेटल ऐकत नव्हती. निकाल, घरचे वाद, प्रेम, कर्ज, अपमान, एकटेपणा आणि वेळेवर न ओळखलेला मनाचा आजार, ही कारणं आपल्या घरात आणि आपल्या वर्गात असतात. त्यातलं काही आपल्या स्वतःच्या तोंडून निघालेलं असतं. "एवढे मार्क पडले नाहीत तर तोंड दाखवू नको" या वाक्यावर अजून कुणी इशाऱ्याचं स्टिकर लावलेलं नाही.

तेव्हा मूल काळजी वाटण्यासारखं वागत असेल तर सरळ विचारा. "जीवाचं काही बरंवाईट करावंसं वाटतंय का?" असं विचारल्यानं मुलाच्या डोक्यात नवीन विचार घुसतो, ही भीती खोटी आहे. विचारल्यानं बहुतेक वेळा मूल मोकळं होतं. आणि 14416 हा टेलिमानसचा नंबर घरात फ्रिजवर आणि शाळेत सूचनाफलकावर लिहून ठेवा. मोफत आहे, मराठीत बोलता येतं, रात्री-अपरात्रीही चालतो.

गाण्यांबाबत मला खरंच राग येतो तो दोन ठिकाणी. एक, आपली स्नेहसंमेलनं. तिसरी-चौथीच्या मुलींना ओठ रंगवून, कंबर हलवायला लावून आयटम साँगवर नाचवलं जातं. ते गाणं मुलीनं निवडलेलं नसतं. बसवणारे आपण, शिट्टी मारणारे आपण, मोबाईलवर शूटिंग करणारेही आपणच. त्या गाण्यातल्या बाईकडं कसं बघितलंय, यावर एकाही पालकसभेत कुणी मागं थांबून मला विचारलेलं नाही.

दुसरं म्हणजे आवाज. इथं मात्र अर्थाचा वाद नाही, मोजायचं यंत्र आहे. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणं निवासी भागात दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबलची मर्यादा आहे. शाळा, दवाखाने यांच्या भोवतीचे 100 मीटर शांतता क्षेत्र धरतात. 85 डेसिबलचा आवाज आठ तासांपर्यंत कान सोसतात असं मानतात, 100 डेसिबलला तोच अवधी पंधरा मिनिटांवर येतो. आता महाद्वार रोडवर विसर्जनाच्या मिरवणुकीत डॉल्बीच्या भिंतीपुढं उभं राहून बघा. छातीची फासळी हलते. विश्वास नांगरे पाटील कोल्हापूर परिक्षेत्रात असताना डॉल्बीमुक्त गणेशोत्सवाची मोहीम निघाली, बऱ्याच मंडळांनी साथही दिली. पण दर वर्षी हा प्रश्न पुन्हा डोकं वर काढतोच. चार वर्षांच्या पोराला खांद्यावर घेऊन त्या भिंतीपुढं नाचणारा बाप घरी गेल्यावर मोठ्या पोराला म्हणतो, "तुझं ते इंग्लिश बंद कर, डोकं उठलं." त्याचा मोठा पोरगा निदान एकट्याच्या कानात ऐकतोय. त्यालाही आवाज कमी ठेवायला शिकवलंच पाहिजे, पण शिकवणाऱ्यानं आधी भिंतीपासून बाजूला यायला हवं.

वर्गात मी काय करते ते सांगते, कुणाला उपयोग झाला तर बघा. अलंकारांचा पाठ आला की मुलांना एक गाणं आणायला सांगते, कुठल्याही भाषेतलं. अट एकच, शब्द वहीत स्वतःच्या हातानं लिहून आणायचे. निम्मी मुलं इथंच थांबतात, कारण शंभरदा ऐकलेल्या गाण्याचे शब्द त्यांना माहीतच नसतात. मग तीन प्रश्न. यात बोलतंय कोण? कुणाशी बोलतंय? आणि लिहिणाऱ्याला हे पटतंय का? तिसऱ्या प्रश्नावर तास कधी संपतो कळत नाही. मेटल ऐकणारी पोरं इथं सगळ्यात पुढं असतात. एरवी 'कवीला काय म्हणायचं आहे' याचं उत्तर गाइडमधून उतरवणारी मुलं स्वतःच्या गाण्यासाठी इंग्रजी शब्दकोश काढून बसतात. इंग्रजीच्या सरांना मी दोन वेळा वर्गात बोलवून घेतलंय.

ऑझीचं ते गाणं मी स्वतःहून वर्गात आणत नाही. कुणी आणलं तर टाळत नाही. आधी त्या मुलाशी एकट्याशी बोलते, घरचं कसं चाललंय विचारते, आणि मग सोल्यूशनचे दोन अर्थ फळ्यावर लिहिते. एकदा मागच्या बाकावरून आवाज आला, "मॅडम, म्हणजे हे दारूबंदीचं गाणं झालं की!" अगदी तसंही नाही, पण नाव वाचून झालेल्या निकालापेक्षा पोरगं पुष्कळ जवळ गेलं होतं.

आणि लोकप्रियतेचा खेळ असा की ज्याच्या नावानं एकेकाळी आया पोरांना घरात ओढून घ्यायच्या, तोच ऑझी 2002 मध्ये एमटीव्हीच्या मालिकेत रिमोट न सापडणारा, कुत्र्यांवर ओरडणारा गमतीशीर बाप म्हणून घरोघरी लाडका झाला. 5 जुलै 2025 ला त्यानं आपल्याच वस्तीतल्या व्हिला पार्क मैदानावर खुर्चीत बसून शेवटचा कार्यक्रम केला. 22 जुलैला गेला. बर्मिंगहॅमच्या रस्त्यावर त्याची अंत्ययात्रा बघायला आजोबा-नातवंडं मिळून उभी होती.

यंदा मी नववीला एक वेगळा गृहपाठ दिला होता. घरातल्या मोठ्यांना विचारून यायचं, तुम्हाला कुठलं गाणं ऐकायला बंदी होती? एका आजीनं सांगितलं, रेडिओवर लावणी लागली की सासरे खाकरायचे आणि ती बटण फिरवायची. एका बाबांच्या लहानपणी दादा कोंडकेंचं गाणं शाळेच्या सहलीत म्हटल्याबद्दल अख्ख्या बसला उठाबशा होत्या. एका आईनं 'चोली के पीछे'चं नाव लिहून दिलं आणि खाली सही करताना कंसात लिहिलं, 'सगळं पाठ आहे अजून.'